सेवेच्या वाटेने येणारा ताप

1976 सालची गोष्ट. तेव्हाचा झाईर, म्हणजे आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक. देशाच्या उत्तर भागात, घनदाट जंगलाच्या मुलखात यांबुकू नावाचं गाव आहे. तिथे बेल्जियन नन्स मिशनचं इस्पितळ चालवत. 120 खाटा होत्या, डॉक्टर मात्र एकही नव्हता. तरी पंचक्रोशीतली माणसं पायपीट करून तिथे येत, कारण जवळपास दुसरं काही नव्हतंच. औषध टोचून घेतलं तरच गुण येतो, अशी लोकांची पक्की समजूत होती आणि इस्पितळाकडे सुया अगदीच तुटपुंज्या होत्या. रोज सकाळी नर्सेसना पाच सिरिंज आणि पाच सुया दिल्या जात. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, गरोदर बायकांची तपासणी, सगळं त्या पाचांवर चाले. एक इंजेक्शन दिलं की सुई कोमट पाण्यात विसळायची आणि पुढच्या माणसाच्या दंडात टोचायची.

ऑगस्टच्या अखेरीस मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक तापाने फणफणून तिथे आले. हिवताप समजून त्यांना क्लोरोक्विनचं इंजेक्शन दिलं गेलं. दोन दिवस बरं वाटलं, मग ताप उलटला, उलट्या-जुलाब सुरू झाले, रक्त जाऊ लागलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ते दगावले. त्यानंतर गावोगावी माणसं मरू लागली. साथ संपली तेव्हा 318 जणांना लागण झाली होती आणि त्यातले 280 गेले होते. इस्पितळाच्या 17 कर्मचाऱ्यांपैकी 11 जण मरण पावले. उरलेल्यांनी 30 सप्टेंबरला इस्पितळाला कुलूप लावलं, आणि साथीचा जोर ओसरण्यात या कुलपाचा मोठा हात होता.

तरुण बायकांमध्ये हा आजार अधिक का, याचा उलगडा नंतर झाला. गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या बायकांना ताकदीसाठी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं जाई. त्याची गरज बहुतेकींना नव्हतीच. ज्यांना निव्वळ सुईतून लागण झाली होती, त्यांच्यातलं कुणीही वाचलं नाही. पुढे ज्या नदीचं नाव या विषाणूला दिलं गेलं, ती इबोला नदी यांबुकूपासून बरीच लांब आहे. गावाच्या नावाला कायमचा कलंक लागू नये, म्हणून शोधपथकाने मुद्दाम नदी निवडली.

त्या पथकात पुढे जगप्रसिद्ध झालेले पीटर पिऑट होते. यांबुकूतल्या आजारी ननच्या रक्ताची नळी थर्मासमध्ये घालून साध्या प्रवासी विमानाने बेल्जियममधल्या अँटवर्पला पाठवली गेली, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत ती हाताळणाऱ्यांत ते होते. पण त्यांच्याही आधी यांबुकूत पोचले होते ते काँगोचे स्वतःचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, डॉ. झाँ-जाक मुयेंबे. हातमोजे नव्हते, म्हणून उघड्या हातांनीच त्यांनी रुग्णांचं रक्त काढलं. सुई काढल्यावर टोचल्या जागेचं रक्त थांबेना, ते त्यांच्या बोटांवर ओघळत राहिलं. त्यांनी साबणाने हात धुतले आणि ते वाचले. इबोलाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साध्या साबणाने ते फुटतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मुयेंबे पुन्हा भेटणार आहेत.

इबोला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोळ्या-कानातून रक्त वाहणारा माणूस उभा राहतो. इंग्रजी सिनेमांनी आणि सनसनाटी पुस्तकांनी ते चित्र आपल्या मनात ठसवलं. ते बऱ्याच अंशी दिशाभूल करणारं आहे. 2014 च्या पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या साथीत अकारण रक्तस्राव पाचातल्या एका रुग्णातही दिसला नाही. माणसं मेली ती मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, रक्तदाब कोसळल्यामुळे, मूत्रपिंड आणि यकृत थकल्यामुळे. हा फरक महत्त्वाचा आहे. रक्त ओकणाऱ्या माणसापुढे हात टेकावेत असं वाटतं, पण जुलाबाने सुकत चाललेल्या माणसाला सलाईन लावता येतं.

विषाणू दिसायला लांबट, धाग्यासारखा. त्याच्या जनुकीय मजकुरात जेमतेम 19,000 अक्षरं आणि सात जनुकं. एवढ्याशा सामग्रीवर तो काय करतो ते पाहण्यासारखं आहे. शरीरात शिरल्यावर तो सगळ्यात आधी गाठतो त्या पहारेकरी पेशींना, म्हणजे परक्या जंतूला गिळून बाकीच्या संरक्षण यंत्रणेला वर्दी देणाऱ्या पेशींना. कोणत्याही विषाणूची चाहूल लागली की पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. इबोलाची दोन प्रथिनं हाच इशारा दाबून टाकतात. वर्दी जात नाही, आणि वर्दी देणाऱ्या पेशीच विषाणूचा कारखाना होऊन रक्तातून यकृतात, प्लीहेत, लसिकाग्रंथींत जातात. शरीराला जाग येते तोवर विषाणूंची संख्या अफाट झालेली असते. मग जो प्रतिसाद येतो तो ताळतंत्र सोडून येतो. दाह वाढवणारी रसायनं एकदम रक्तात ओतली जातात, लहान रक्तवाहिन्या माठासारख्या पाझरू लागतात, रक्त नको तिथे गोठतं आणि गोठण्याचं साहित्य संपून जातं.

बाहेरून हे दिसतं ते असं. लागण झाल्यापासून 2 ते 21 दिवसांत लक्षणं येतात. सुरुवातीला ताप, डोकेदुखी, सांधे-स्नायू ठणकणं, घसा दुखणं, अपार थकवा. या टप्प्यावर अनुभवी डॉक्टरलाही हिवताप किंवा विषमज्वरापासून तो वेगळा ओळखता येत नाही. तीन-चार दिवसांनी उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात, दिवसाला पाच लिटर किंवा त्याहूनही जास्त. उचकी लागते, डोळे लाल होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो किंवा नुसता पडून राहतो. दुसऱ्या आठवड्यात एक तर प्रतिपिंडं तयार होऊन तो सावरू लागतो, नाही तर जातो. सरासरीने निम्मे रुग्ण दगावतात, पण ही सरासरी फसवी आहे. वेगवेगळ्या साथींमध्ये मृत्यूचं प्रमाण 25 ते 90 टक्क्यांपर्यंत राहिलं आहे. 2014-15 मध्ये ज्या 27 रुग्णांवर अमेरिकेत आणि युरोपात उपचार झाले, त्यांतले पाच मरण पावले. विषाणू तोच होता. खाटेशेजारी कोण उभं होतं, सलाईन किती मिळालं, रक्तातल्या पोटॅशियमची तपासणी झाली का, एवढ्यावर हा फरक पडला.

आता प्रसाराकडे वळू, कारण या रोगाचं खरं रूप तिथेच कळतं. इबोला हवेतून पसरत नाही. डासांतून नाही. ज्याला अजून लक्षणं नाहीत, अशा माणसाकडूनही तो होत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, शौच, घाम, लाळ अशा स्रावांचा थेट स्पर्श व्हावा लागतो, आणि तो स्राव कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांतून आत जावा लागतो. गोवराचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत बारा-पंधरा जणांना आजारी पाडू शकतो. इबोलाचा एक रुग्ण सरासरी दोघांनाही नाही. आणि तो सगळ्यात जास्त संसर्गजन्य असतो तो अगदी मरणासन्न असताना आणि मेल्यानंतर, म्हणजे बाजारहाटाला जाण्याची ताकद संपल्यावर.

मग लागण होते कुणाला? उलटी पुसणाऱ्या बायकोला. ताप उतरावा म्हणून अंग ओल्या फडक्याने पुसणाऱ्या आईला. आजारी बाळाला पाजणाऱ्या बाईला आणि आजारी आईचं दूध पिणाऱ्या बाळाला. नर्सला, वॉर्डबॉयला, सुईणीला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला. प्रेताला शेवटची आंघोळ घालणाऱ्यांना. जो पळून गेला तो वाचला, जो थांबला त्याला या रोगाने गाठलं. इबोलाच्या प्रत्येक साथीची नोंद वाचताना मला ही गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

1995 मध्ये काँगोतल्या किक्विट शहरात एका रुग्णाचं पोट उघडून शस्त्रक्रिया झाली आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती उभे असलेले डॉक्टर-नर्सेस एकामागून एक आजारी पडले. 2000 साली उत्तर युगांडातल्या गुलू इथे लाकोर इस्पितळाचे डॉ. मॅथ्यू लुकविया यांनी रोग सर्वांत आधी ओळखला आणि वेगळा वॉर्ड उभा केला. सहकारी नर्सेस मरत असताना त्यांनी उरलेल्यांचा धीर टिकवला आणि 5 डिसेंबरला ते स्वतः गेले. 2014 मध्ये सिएरा लिओनच्या केनेमा शहरात इबोलाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. शेख उमर खान गेले. त्या साथीत पश्चिम आफ्रिकेत पाचशेहून अधिक आरोग्यसेवक मरण पावले, आणि तेही अशा देशांत, जिथे लाखभर लोकांमागे आधीच एक-दोन डॉक्टर होते. नंतर तिथे बाळंतपणात गेलेल्या बायका आणि साध्या हिवतापाने गेलेली मुलं यांची गणती इबोलाच्या आकड्यांत होत नाही.

ती साथ डिसेंबर 2013 मध्ये गिनीतल्या मेलियांदू नावाच्या खेड्यात सुरू झाली असावी. पहिला रुग्ण एक लहान मूल होतं. जंगलातून माणसात विषाणू कसा येतो याचा संशय फळं खाणाऱ्या वटवाघळांवर आहे. त्यांच्यात विषाणूच्या जनुकांचे तुकडे आणि प्रतिपिंडं सापडली आहेत, जिवंत इबोला विषाणू मात्र वटवाघळातून अजून कुणाला वेगळा काढता आलेला नाही. मेलेली माकडं, गोरिला, हरणं हाताळल्यानेही पूर्वी साथी सुरू झाल्या आहेत. पण असा प्रवेश विरळा, क्वचित घडणारा. एका मुलापासून 28,600 हून अधिक रुग्ण आणि 11,325 मृत्यू इथवरचा पुढचा सगळा प्रवास माणसाकडून माणसाकडे झाला. तीन महिने तर रोगाचं नावच कुणाला कळलं नव्हतं, कारण पश्चिम आफ्रिकेच्या या भागात इबोला असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मे 2014 मध्ये सिएरा लिओनच्या सीमेलगत एक नामांकित वैदू बाई वारली. सीमेपलीकडून येणाऱ्या आजारी माणसांवर ती उपचार करत होती. तिचा मान मोठा, त्यामुळे अंत्यविधीला दूरदूरच्या गावांहून बायका आल्या, त्यांनी तिचं अंग धुतलं आणि त्या आपापल्या गावी परतल्या. त्या एका अंत्यविधीशी पुढे तीनशेहून अधिक मृत्यूंचा संबंध जोडला गेला.

सरकारांनी आणि परदेशी मदत संस्थांनी यावर पहिला उपाय शोधला तो बंदीचा. अंत्यविधी नकोत. पांढऱ्या पोशाखातली, चेहरा झाकलेली माणसं येत, प्रेतावर क्लोरीन फवारत, पिशवीत घालून घेऊन जात. कुठे पुरलं तेही घरच्यांना अनेकदा कळत नसे. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, रात्री गुपचूप दफनं केली, कुठे कुठे दगड उचलले. सप्टेंबर 2014 मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. या हत्येचं समर्थन होऊच शकत नाही. पण लोक अडाणी होते म्हणून हे झालं, असं म्हणून जे पुढे जातात त्यांना साथ समजलेली नाही. ज्या शासनाने कधी दवाखाना दिला नाही, ते पहिल्यांदा दारात आलं ते आईचं प्रेत न्यायला.

लायबेरियात तर याहून कठीण प्रसंग आला. राजधानी मन्रोव्हियात दफनाला जागा पुरेना आणि आसपासच्या वस्त्या विरोध करू लागल्या, तेव्हा ऑगस्ट 2014 मध्ये सरकारने प्रेतं जाळण्याचा हुकूम काढला. शहराजवळ दहनाची एकच जागा होती. तिथल्या भारतीय समाजाने आपल्या हिंदू मृतांसाठी बांधलेली. आपल्याकडे ज्याला अग्नी मिळाला नाही त्याचं मरण अपुरं मानतात. लायबेरियन माणसाची भावना नेमकी उलटी. तिथे मार्चमधल्या दुसऱ्या बुधवारी सुट्टी असते, घरोघरची माणसं स्मशानात जाऊन आपल्या पूर्वजांच्या कबरी साफ करतात, रंगवतात. ज्याची कबरच नाही, त्याच्याकडे त्या दिवशी जायचं कुठे? परिणाम व्हायचा तोच झाला. दहनाच्या भीतीने लोक रुग्णाला उपचार केंद्रात नेईनासे झाले. डिसेंबरमध्ये डिस्को हिल इथे नवी दफनभूमी उघडली आणि दहन थांबवण्यात आलं. 2020-21 मध्ये प्लास्टिकमध्ये बांधलेलं आपलं माणूस लांबूनच पाहावं लागलं, अशी हजारो घरं महाराष्ट्रात आहेत. लायबेरियातल्या त्या घरांना काय वाटलं असेल, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

मार्ग निघाला तो मानववंशशास्त्रज्ञ, मौलवी, पाद्री आणि गावातली जाणती माणसं एकत्र बसल्यावर. गिनीत एक गरोदर बाई इबोलाने गेली. तिथल्या किस्सी लोकांच्या रीतीप्रमाणे पोटातलं मूल वेगळं केल्याशिवाय दफन केलं तर जगाची घडी मोडते, सगळ्या गावावर संकट येतं. पोट उघडणं म्हणजे उघडणाऱ्याचा मृत्यू. डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही आपापल्या जागी ठाम. जागतिक आरोग्य संघटनेबरोबर काम करणाऱ्या ज्युलियेन आनोको यांनी वाद न घालता गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, की ही रीत पाळणं अशक्यच झालं तर तुमच्याकडे परिमार्जन काय? असा विधी होता. तो सांगणारा जाणकार शोधला, साहित्याचा खर्च संघटनेने उचलला, विधी झाला आणि ती बाई न कापता पुरली गेली. पुढे सुरक्षित आणि सन्मानाचं दफन अशी पद्धतच ठरली. पांढरं कापड, घरच्यांनी दिलेले कपडे, लांबून का होईना चेहरा पाहणं, प्रार्थना, कबरीवर नाव. लागण कमी होण्यात या बदलाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो एकाही औषधाविना, एकाही लसीविना साधला गेला.

लोकांकडे स्वतःचं ज्ञान असतं, हे गुलूमध्ये तर स्पष्ट दिसलं होतं. तिथल्या अचोली समाजात साथीच्या रोगांसाठी जुनाच शिरस्ता आहे. आजारी माणसाला वस्तीपासून दूर वेगळ्या झोपडीत ठेवायचं. पूर्वी तो रोग होऊन बरा झालेल्या माणसानेच त्याची सेवा करायची. दाराशी उंच गवताचे दोन दांडे रोवायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल. गावागावांतली ये-जा थांबवायची, नाचगाणी बंद, लैंगिक संबंध बंद. रोगप्रसाराचं आधुनिक शास्त्र याहून फार वेगळं काही सांगत नाही.

योग्य वेळी एका माणसाने ठाम राहिल्याने काय होतं, त्याचं उदाहरण नायजेरियाचं. जुलै 2014 मध्ये लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. त्याला खासगी रुग्णालयात आणलं गेलं. डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांनी इबोलाचा संशय घेतला आणि वरून दबाव येत असतानाही त्याला बाहेर सोडायला नकार दिला. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या शहरात तो मोकळा फिरला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. संपर्कात आलेल्या शेकडो लोकांचा माग काढला गेला, घरोघर जाऊन रोज ताप पाहिला गेला. नायजेरियात 20 रुग्ण आणि आठ मृत्यूंवर साथ थांबली. त्या आठांत डॉ. अडाडेव्हो होत्या.

औषधांची कथा पुन्हा मुयेंबेंकडे नेते. किक्विटच्या साथीत त्यांनी बऱ्या झालेल्या माणसांचं रक्त आठ रुग्णांना दिलं आणि त्यातले सात वाचले. चाचणी शास्त्रशुद्ध नव्हती म्हणून अनेक परदेशी तज्ज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. पण किक्विटमधून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तात 11 वर्षांनंतरही इबोलाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्यातलं सर्वांत प्रभावी प्रतिपिंड निवडून अमेरिकी शास्त्रज्ञांच्या साथीने औषध तयार झालं. 2018 ते 2020 या काळात पूर्व काँगोत इबोलाची मोठी साथ होती, 3,470 रुग्ण आणि 2,287 मृत्यू. सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ चालू, उपचार केंद्रांवर हल्ले होत होते. एप्रिल 2019 मध्ये कॅमेरूनचे डॉ. रिचर्ड मुझोको यांना बुटेंबोच्या रुग्णालयात गोळ्या घालून मारण्यात आलं. अशा ठिकाणी चार औषधांची तौलनिक चाचणी पार पडली, ही मला वैद्यकातल्या मोठ्या धाडसाच्या घटनांपैकी एक वाटते. बऱ्या झालेल्यांचं रक्त देण्याच्या मुयेंबेंच्या कल्पनेतून निघालेलं एबांगा आणि दुसरं इनमाझेब, ही दोन्ही औषधं घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास राहिलं. उरलेल्या दोन औषधांच्या गटांत ते 50 टक्क्यांच्या घरात होतं. आणि जे लवकर आले, ज्यांच्या रक्तात विषाणू कमी होता, त्यांच्यापैकी या दोन औषधांवर दहातले नऊ वाचले. 2020 मध्ये दोन्हींना मान्यता मिळाली.

लस त्याआधीच आली होती. कॅनडातल्या विनिपेगच्या सरकारी प्रयोगशाळेत ती तयार झाली, पण इबोला गरीब देशांतला, क्वचित येणारा रोग, म्हणून कित्येक वर्षं तिला कुणी पुढे नेईना. 2015 मध्ये गिनीत साथ ओसरत असताना तिची चाचणी झाली. पद्धत देवीच्या निर्मूलनातून घेतलेली. 1970 च्या दशकात भारतातून देवी हटली ती याच रीतीने. रुग्ण शोधायचा, त्याच्याभोवतीच्या माणसांचं आणि त्या माणसांच्या संपर्कातल्यांचं कडं करून त्यांना लस द्यायची. गिनीत लस घेतलेल्या 5,800 हून अधिक लोकांपैकी, लस घेऊन दहा दिवस उलटल्यावर एकालाही इबोला झाला नाही. पुढे पूर्व काँगोत तीन लाखांहून अधिक लोकांना ती दिली गेली.

बरं होणं म्हणजे मात्र सुटका नव्हे. पश्चिम आफ्रिकेत सुमारे 17,000 लोक वाचले. त्यांतल्या अनेकांना सांधेदुखी, थकवा, डोकेदुखी वर्षानुवर्षं पुरली. डोळ्याच्या आतल्या दाहामुळे काहींची दृष्टी गेली. प्रतिकारशक्तीचा हात सहज पोचत नाही अशा जागी, म्हणजे डोळ्यात, मेंदूभोवतीच्या द्रवात, वृषणात, विषाणू दडून राहतो. इयन क्रोझियर या अमेरिकन डॉक्टरांच्या रक्तातून विषाणू गेल्यावर काही आठवड्यांनी त्यांच्या डोळ्यातल्या पाण्यात तो सापडला आणि त्यांच्या निळ्या डोळ्याचा रंग काही काळ हिरवा झाला. नोव्हेंबर 2014 मध्ये लायबेरियात इबोलातून बरा होऊन परतलेल्या एका भारतीय तरुणाला दिल्ली विमानतळाच्या आरोग्य केंद्रात वेगळं ठेवलं गेलं होतं, कारण रक्त स्वच्छ असलं तरी वीर्यात विषाणूचा अंश मिळाला होता. तो आजारी नव्हता आणि त्याच्यापासून भारतात कुणालाही लागण झाली नाही. 2021 मध्ये गिनीत पुन्हा साथ आली तेव्हा विषाणूच्या जनुकांनी सगळ्यांना चकित केलं. तो 2014 च्या विषाणूशी जवळपास तंतोतंत जुळत होता. म्हणजे जंगलातून नव्याने न येता तो कुणा वाचलेल्या माणसात पाच वर्षांहून अधिक काळ निपचित राहिला होता.

ही बातमी आली आणि वाचलेल्यांकडे लोक पुन्हा संशयाने पाहू लागले. आधीच त्यांना घरमालकांनी बाहेर काढलं होतं, त्यांची भाजी कुणी विकत घेत नव्हतं, नवऱ्यांनी टाकलं होतं. वास्तविक साध्या हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने वाचलेल्या माणसाकडून रोग होत नाही. ठरावीक काळ निरोधचा वापर आणि नियमित तपासणी एवढी काळजी पुरते. उलट साथीच्या दिवसांत त्यांच्यासारखा आधार नाही, कारण रोग होऊन गेलेल्या शरीराला संरक्षण मिळालेलं असतं. काँगोत उपचार केंद्रांशेजारी युनिसेफने पाळणाघरं चालवली. आई वॉर्डात, बाप गेलेला, आणि तान्ह्या बाळाला लागण झाली आहे की नाही ते 21 दिवस कळणार नाही. अशा बाळांना छातीशी धरून दूध पाजायला, झोपवायला इबोलातून वाचलेल्या बायकाच पुढे आल्या.

लस आणि औषधांच्या या कथेत एक मेख आहे. 1976 मध्ये यांबुकूच्या साथीबरोबरच सुदानमध्येही साथ होती. एकाच विषाणूच्या दोन साथी, असं तेव्हा सर्वांनी मानलं. पण ते दोन वेगळे विषाणू होते, आणि वर सांगितलेली लस आणि औषधं झाईर विषाणूवरची आहेत. सुदान विषाणूवर ती चालत नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये युगांडात हाच दुसरा विषाणू पसरला तेव्हा हाताशी काही नव्हतं. ऑक्सफर्डच्या प्रायोगिक लसीचे सुमारे 40,000 डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने झपाट्याने बनवले. तरी चाचणीला लागणाऱ्या लसी युगांडात पोचेपर्यंत साथ ओसरली होती, त्यामुळे लस चालते की नाही ते कळू शकलं नाही. रुग्ण संपले याचा आनंदच आहे, पण पुढच्या वेळेची तयारी अपुरी राहिली. जानेवारी 2025 मध्ये सुदान विषाणू पुन्हा आला, कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्या एका नर्सच्या मृत्यूने त्याची चाहूल लागली. या वेळी दुसरी एक प्रायोगिक लस देशात आधीपासून ठेवलेली होती. साथ जाहीर झाल्यापासून चार दिवसांत त्या नर्सच्या सहकाऱ्यांना आणि नातेवाइकांना चाचणीचा भाग म्हणून ती टोचायला सुरुवात झाली.